ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी टू-व्हील करायची असेल तर आधी तिच्या मधे काय आहे ते बघा

"मामा, मागचा शाफ्ट उतरवला की झालं ना?" भाच्याने हे विचारलं तेव्हा तो अंगाखाली गोणपाट टाकून गाडीखाली अर्धा शिरलाच होता. मी त्याला पाय धरून बाहेर ओढला.

माझी तीस वर्षं लेथवर गेली. गॅरेजचा धंदा मी कधी केला नाही, पण आजवर दोन गाड्या ऑल-व्हीलच्या टू-व्हील केल्या आहेत, म्हणजे चारही चाकांना जाणारा इंजिनाचा जोर दोनच चाकांवर आणला आहे. एक माझी, दुसरी भाच्याच्या मित्राची. पहिलीचं काम एका दुपारी आटोपलं. दुसरीने तीन आठवडे खाल्ले आणि माझा एक शनिवार वेल्डिंगच्या धुरात घालवला. पाने तेच, माणसं तीच. फरक एवढाच, की गिअरबॉक्समधून आलेला जोर पुढच्या आणि मागच्या चाकांत जिथे वाटला जातो, तिथे दोन्ही गाड्यांत निराळी वस्तू बसवलेली होती. तीच वस्तू ठरवते की शाफ्ट, म्हणजे जोर पुढे किंवा मागे नेणारा लांब दांडा, काढल्यावर गाडी चालेल, जागेवरच उभी राहील की आतून जळेल. म्हणून पाना हातात घेण्याआधी ती ओळखायची.

पहिला प्रकार माझ्या गाडीतला. इंजिन आडवं (गाडीच्या रुंदीत बसवलेलं), पुढची चाकं कायम इंजिनाला थेट जोडलेली, आणि मागे जोर पाठवायला मागच्या डिफरन्शियलच्या (दोन बाजूंना जोर वाटून त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या चक्रांच्या डब्याच्या) तोंडाशी क्लच-पट्ट्यांचं कपलिंग. १९९८च्या ऑडी टीटीपासून ज्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी झालं ते हॅल्डेक्स याच जातीचं. होंडा सीआर-व्हीच्या जुन्या गाड्यांत हेच काम मागच्या डिफरन्शियलमधले दोन ऑइल पंप करतात: पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त फिरली की पंपांच्या दाबात फरक पडतो आणि क्लच आवळला जातो. अशा गाडीत मागचा शाफ्ट काढला तर पुढच्या चाकांना त्याचा पत्ताही लागत नाही. टू-व्हील करायला याहून सोपी गाडी नाही.

दुसरा प्रकार म्हणजे मधे खरंखुरं डिफरन्शियल असलेली गाडी. इथेच लोक फसतात. साधं उघडं डिफरन्शियल दोन्ही बाजूंना ठरलेल्या प्रमाणात जोर देतं, पण एका बाजूने काही अडवलंच नाही तर दुसऱ्या बाजूलाही काही मिळत नाही. चिखलात एक चाक गरगर फिरतं आणि दुसरं ढिम्म हलत नाही, तसंच. शाफ्ट काढलात की त्याचं रिकामं टोक आतल्या आत भणाणत राहील आणि गाडी इंचभरही सरकणार नाही. टॉर्सन डिफरन्शियल, म्हणजे ऐंशीच्या दशकापासून उभ्या (गाडीच्या लांबीत बसवलेल्या) इंजिनाच्या ऑडी क्वाट्रो गाड्यांत आलेलं, याबाबतीत वेगळं नाही. ते कमी जोराच्या बाजूच्या काही पट जोर दुसरीकडे देतं, पण शून्याची कितीही पट केली तरी शून्यच.

तिसरा प्रकार या दोघांच्या मधला आणि सगळ्यांत फसवा: डिफरन्शियलला व्हिस्कस कपलिंग जोडलेलं. सुबारूच्या बहुतेक मॅन्युअल गाड्या अशा. आत सिलिकॉनचं दाट तेल आणि पातळ चकत्या. एक बाजू मोकळी सोडली तर तेलाच्या चिकटपणामुळे गाडी चालते, आणि चालते म्हणूनच घात होतो. फरकाचे सगळे फेरे त्या तेलात जिरतात, ते तापतं, आणि कपलिंग कायमचं निकामी होतं. "माझी तर शाफ्ट काढल्यावर मस्त चालते" असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर आधी विचारा किती किलोमीटर.

लिव्हर ओढून टू-एच (दोन चाकं), फोर-एच (चार चाकं) निवडता येणारी पार्ट-टाइम फोर-बाय-फोर असेल तर ती मुळातच टू-व्हील आहे. लिव्हर टू-एचवर ठेवा आणि घरी जा.

मॅन्युअल गाडीत मधे काय आहे हे हातानेच कळतं. ही तपासणी मला फार आवडते, कारण यात मीटर लागत नाही की स्कॅनर. चारही चाकं हवेत, गाडी चार भक्कम स्टँडवर, इंजिन बंद, गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक मोकळा. आता मागे जाणारा शाफ्ट हाताने फिरवून बघा. अजिबात हलत नसेल तर तो पुढच्या डिफरन्शियलच्या घराशी दातांनी जोडलेला आहे, म्हणजे पहिला प्रकार. शाफ्ट फिरला आणि पुढचं चाक उलट्या दिशेने फिरू लागलं तर मधे डिफरन्शियल आहे. फिरतोय, पण मधात पळी फिरवावी तसा जड आणि संथ, तर बहुधा व्हिस्कस आहे. ऑटोमॅटिकमध्ये या खेळावर विसंबू नका. पार्किंगची खिट्टी कुठल्या भागाला अडवते ते प्रत्येक गिअरबॉक्समध्ये वेगळं असतं. तिथे वर्कशॉप मॅन्युअलच उघडावं.

काही गाड्यांत पान्याला हातही लावावा लागत नाही. सुबारूच्या जुन्या चार-गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिनाच्या खोलीत 'एफडब्ल्यूडी' लिहिलेली रिकामी फ्यूजची जागा असते. तिथे फ्यूज खोचला की मागचा क्लच सुटतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. ही सोय लहान आकाराची स्टेपनी लावून गाडी हळू चालवत नेण्यासाठी दिलेली आहे, कायमच्या वापरासाठी नाही. पण मागचा भाग सोडल्यावर आवाज जातो का, वळताना अडकणं थांबतं का, हे दहा मिनिटांत बघायला फार उपयोगी. १९८९च्या निसान स्कायलाइन जीटी-आर, म्हणजे आर३२मध्ये उलटी गंमत: मूळची मागच्या चाकांची गाडी, पुढे जोर क्लचमधून जातो, म्हणून फोर-व्हीलचा फ्यूज काढला की पुढचा जोर बंद. बीएमडब्ल्यूने तर २०१७मध्ये आलेल्या एफ९० पिढीच्या एम५मध्ये मागच्या चाकांवर जायचा पर्याय स्क्रीनवरच दिला.

हे सगळं करायचं कशाला, हाही प्रश्न आहेच. पेट्रोल वाचवायला म्हणत असाल तर नका करू. एकाच मॉडेलच्या टू-व्हील आणि ऑल-व्हील आवृत्तीत साधारण लिटरमागे एक किलोमीटरच्या आतबाहेर फरक असतो, आणि तोही सगळा तुम्हाला मिळत नाही. नुसता शाफ्ट काढला तरी पुढचा, जोर मागच्या शाफ्टकडे वळवणारा डबा फिरतच राहतो आणि मागचं डिफरन्शियल चाकांबरोबर फिरतच राहतं. माझ्या गाडीची सरासरी बदलली असेल तर ती मला तरी मोजता आली नाही. कपलिंग गेलंय आणि नवं घ्यायला खिसा तयार नाही, हे कारण मला पटतं. ड्रिफ्टिंगसाठी, म्हणजे गाडी मुद्दाम आडवी घसरवत वळवायला, सगळा जोर मागच्या चाकांवर हवा, हे भाच्याच्या मित्राचं कारण होतं. मला ते पटलं नाही, पण गाडी त्याची.

माझ्या कपलिंगचा जीव मीच घेतला, हे कबूल करतो. पुढचे दोन टायर नवे घातले, मागचे अर्धे झिजलेले तसेच ठेवले. नवे ८ मिलिमीटर, जुने ४. लेथवर दहा-दहा मायक्रॉनसाठी भांडणारा मी, चार मिलिमीटरकडे डोळेझाक केली. हिशेब साधा आहे: टायरचा परीघ साधारण २ मीटर, म्हणजे किलोमीटरला ५०० फेरे. नक्षी १ मिलिमीटर झिजली की परीघ सुमारे ६ मिलिमीटरने घटतो आणि किलोमीटरला दीड फेरा जास्त पडतो. चार मिलिमीटरला सहा फेरे. प्रत्येक किलोमीटरला मागचं चाक पुढच्यापेक्षा सहा फेरे जास्त मारणार आणि तो सगळा फरक कपलिंगच्या पट्ट्यांवर घासला जाणार. सुबारू चारही टायरच्या परिघात सुमारे ६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको म्हणते. हिशेब केल्यावर कळलं का ते. काही महिन्यांत पार्किंगमध्ये पूर्ण स्टेअरिंग फिरवलं की गाडी उड्या मारत वळू लागली, जणू कुणी मागून धरून ठेवलंय. कपलिंग जॅम झालेलं होतं.

आता पहिल्या प्रकारच्या गाडीचं काम. आदल्या रात्री सगळ्या फ्लँजच्या (शाफ्टच्या टोकाशी बोल्टांनी जोडलेल्या चकत्यांच्या) बोल्टांवर गंज सोडवायचं तेल मारा. सायलेन्सर थंड हवा, कारण डोकं त्याच्या शेजारीच येणार आहे. गाडी चार स्टँडवर, बॉडीच्या ठरवून दिलेल्या जागांवर, स्टँडवर बसल्यावर दोन्ही हातांनी जोरात हलवून बघा. नुसत्या जॅकवर गाडीखाली जाणारा माणूस माझ्या दृष्टीने वेडा. आणि ऑल-व्हील गाडीचे फक्त पुढचे किंवा फक्त मागचे दोन टायर उचलून इंजिन गिअरमध्ये कधीही टाकू नका. जमिनीवरची जोडी गाडीला जॅकवरून पुढे ओढून नेते.

फ्लँजच्या जोड्यांवर आधी खूण करा. रंगाचा ठिपका पुसला जातो, म्हणून मी सेंटर पंचने दोन्ही बाजूंना समोरासमोर एकेक टिंब मारतो. शाफ्ट कारखान्यातून बॅलन्स होऊन आलेला असतो. उद्या परत बसवायचा झाला आणि एक बोल्ट पुढे-मागे झाला तर गाडी थरथरत राहील. फ्लँजचे बोल्ट गोटी पान्याने सोडवा, उघड्या पान्याने नाही, कारण डोकी छोटी आणि कडक असतात, एकदा गोल झाली की संपलं. बोल्ट सैल करताना गाडी गिअरमध्ये ठेवली की शाफ्ट फिरत नाही. पुढचा बोल्ट समोर आणायला न्यूट्रल करून फिरवायचा. हे गिअरमध्ये-न्यूट्रलमध्ये करायला गाडीत एक माणूस बसवलेला बरा. तेवढ्यासाठी भाचा कामाला आला.

क्रम असा: मागचे बोल्ट, मग मधलं लटकतं बेअरिंग, शेवटी पुढचे. मागचं टोक सुटलं की दोरीने बॉडीला बांधा. शाफ्ट सांध्यावर लोंबकळू दिला तर आतला सीव्ही जॉइंट (वाकलेल्या कोनातही जोर नेणारा सांधा) किंवा रबरी कपलिंग वाकून खराब होतं. मधल्या बेअरिंगच्या पट्टीखाली पातळ पत्र्याच्या शिम असतील तर कुठली कुठे होती ते लिहून ठेवा. अर्धा शाफ्ट काढून अर्धा ठेवण्याचा शहाणपणा करू नका. एका टोकाला मोकळा असलेला शाफ्ट वेगात चाबकासारखा फिरतो आणि तुमच्या पायाखालचा पत्रा फोडू शकतो. माझे अकरा बोल्ट पाऊण तासात निघाले. बाराव्याने संध्याकाळ केली.

शाफ्ट उतरल्यावर पुढच्या डब्याचा फ्लँज मोकळा फिरत राहणार. त्याचं ऑइल सील डब्यातच असतं, त्यामुळे तेल जात नाही, पण धूळ-चिखल सीलच्या ओठावर बसतो. मी पातळ पत्र्याची टोपी करून डब्याच्या बोल्टांना धरली, फ्लँजला न टेकवता. डब्याचं तेल या निमित्ताने बदलाच. अनेक गाड्यांत ते जेमतेम अर्धा-एक लिटर असतं, सायलेन्सरशेजारी तापतं, आणि वर्षानुवर्षं कुणी त्याच्याकडे बघत नाही. मागच्या डिफरन्शियलमध्येही तेल हवंच, ते अजून फिरतंय.

तो पुढचा डबाच वाजत असेल तर शाफ्ट काढून भागणार नाही. त्यातून अनेक गाड्यांत एका बाजूचा हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचा आखूड शाफ्ट) आरपार जातो. डबा काढला तर त्याच मॉडेलच्या टू-व्हील आवृत्तीचा मधला शाफ्ट, त्याचं ब्रॅकेट आणि सील आणून बसवावं लागतं. शाफ्टवरचे दात मोजा, लांबी मोजा, मगच घ्या.

दुसरी गाडी उभ्या इंजिनाची, मागच्या चाकांच्या घडणीची, ट्रान्सफर केसमध्ये (गिअरबॉक्समागच्या, जोर पुढे-मागे वाटणाऱ्या डब्यात) प्लॅनेटरी, म्हणजे मधल्या चक्राभोवती छोटी चक्रं फिरणारं डिफरन्शियल. पुढचा शाफ्ट काढल्यावर गाडी हलली नाही, हे आता तुम्हाला सांगायला नको. डिफरन्शियल कायमचं लॉक करणं भाग. मित्राला वेल्डिंग हवं होतं. मी सांगितलं की दात वरून कडक केलेलं पोलाद वेल्डखाली तडकतं. ऐकलं नाही. शनिवारी वेल्ड केलं, रविवारी दुसऱ्या चढाला 'टक' झालं आणि जोर गेला. मग आतले दात मोजून घेतले, वायर-कटवर एक नळी कापून घेतली जी इनपुट आणि मागचा आउटपुट थेट बांधते, आणि ती बसवली. फुटलेल्या दातांची चुरी धुवून काढण्यात एक पूर्ण दिवस गेला. त्यात कसूर केली असती तर बेअरिंगं गेली असती. जुन्या रेंज रोव्हर, डिफेंडर किंवा लाडा निवामध्ये हा खटाटोप नाही, कारण मधल्या डिफरन्शियलला लॉकची सोय कारखान्यातूनच आहे: एक शाफ्ट तुटला तर तो काढायचा, लॉक लावायचं, घर गाठायचं. कायमस्वरूपी फोर-व्हील असलेल्या ८० सिरीजच्या लँड क्रूझरसाठी तर पार्ट-टाइम करायचे तयार किट मिळतात, त्यात अशीच नळी आणि पुढच्या चाकांना सुटे करता येणारे हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) असतात.

या केसच्या पुढच्या भोकात शाफ्ट दात घालून आत सरकत होता, फ्लँज नव्हता. शाफ्ट काढला की त्यातून तेलाची धार. प्लग मीच लेथवर काढला: शाफ्टच्या बाहेरच्या व्यासाचा, सीलच्या ओठापाशी गुळगुळीत पॉलिश केलेला, बाहेरून पट्टीने केसला बांधलेला. पहिला प्लग तीन मिलिमीटर लांब झाला. आत फिरणाऱ्या टोकाला घासून निळा पडला आणि अशी शिट्टी वाजू लागली की भाच्याला टर्बो आठवला. प्लग स्थिर असतो, आतलं टोक फिरतं, मधे फट हवीच.

आता ज्या चुकीने चाक निखळू शकतं ती. पुढचे हाफ शाफ्ट ठेवा किंवा काढा, पण काढणार असाल तर बाहेरच्या सांध्याचा हबमधला खुंट आणि त्याचा नट जागेवर राहिलाच पाहिजे. बहुतेक गाड्यांत तो खुंट आणि नटच व्हील बेअरिंगला आवळून धरतात. मित्राने मला न विचारता अख्खा हाफ शाफ्ट काढला आणि हब पोकळ सोडला. थोड्याच अंतरात बेअरिंग खडखडू लागलं, चाक हाताने हलत होतं. बरोबर रीत अशी: सांधा उघडायचा, आतल्या गोळ्या आणि पिंजरा काढायचा, बाहेरची वाटी-खुंट साफ करून परत हबमध्ये घालायची आणि नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने आवळायचा. हा आकडा अनेकदा २०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, अंदाजाने होत नाही. अनेक गाड्यांत त्या वाटीवर एबीएसची दातेरी रिंग असते, तीही त्यामुळे वाचते. आपला हेतू ड्रिफ्टिंग नसेल तर हाफ शाफ्ट काढूच नका. पुढचं डिफरन्शियल मोकळं फिरू द्या.

सगळा जोर आता एकाच धुरीवर येतो. सुबारूच्या मागच्या डिफरन्शियलचे आर१६० आणि आर१८० हे आकडे म्हणजे आतल्या मोठ्या चक्राचा मिलिमीटरमधला व्यास. आर१६० निम्मा जोर घ्यायला ठीक, टर्बोचा सगळा जोर त्याच्यावर टाकलात तर फार दिवस टिकणार नाही. एक फायदा मात्र होतो: ऑल-व्हीलमध्ये पुढचं आणि मागचं गिअर प्रमाण जुळवावं लागतं, आता तो जाच संपला.

इलेक्ट्रॉनिक्सचं थोडक्यात. कपलिंगचा प्लग काढलात तर बहुतेक दिवा लागेल. एबीएस किंवा ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला आणि गेला नाही तर गाडी रस्त्यावर आणू नका. अनेक ऑल-व्हील गाड्यांच्या एबीएसचा मेंदू चारही चाकं एकमेकांना बांधलेली आहेत असं धरून चालतो. ओल्या मोकळ्या जागेत कमी वेगात जोरात ब्रेक दाबून बघा, आधी सरळ, मग हलक्या वळणावर. मागे मोटर असलेल्या हायब्रिड आणि दोन मोटरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना हात लावू नका. तिथे शाफ्टच नाही, उच्च दाबाच्या विजेच्या केशरी तारा आहेत. नोंदणी आणि विम्याचं तुमच्याकडे काय म्हणतात ते आधी विचारा, कारण गाडीच्या कागदावर ती अजून ऑल-व्हीलच आहे.

पहिली धाव चारही चाकं हवेत असतानाच द्या, गाडीखाली कुणी नसताना. कुठलं चाक फिरतंय, कुठून आवाज येतोय, कुठे थेंब आहे ते बघा. मग जमिनीवर. चढावर ओल्या रस्त्यात पुढची चाकं घसरतील तेव्हा दचकू नका, पूर्वी तो जोर मागे जात होता. जास्त नक्षीचे टायर मागे ठेवा, मागचं टोक निसटलं तर सावरणं अवघड. पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा खाली जाऊन पत्र्याची टोपी, प्लगची पट्टी आणि हबचे नट तपासा.

काढलेला शाफ्ट माझ्याकडे भिंतीला दोन आधारांवर आडवा टांगलाय, सांध्यांवर ग्रीस आणि जुन्या सायकलची ट्यूब गुंडाळून. बारा बोल्ट एका डब्यात, वर चिठ्ठी. बारावा बोल्ट नवा आहे, जुन्याचं डोकं भाच्याने आठवण म्हणून किल्लीला लावलंय.